क्रेडिटेड की डेबिटेड?

मंगळवार आणि शुक्रवार, रात्री साडेआठ. पर्वतीच्या पायथ्याच्या एका वस्तीतलं समाजमंदिर, दोन सतरंज्या, एक ट्यूबलाइट आणि पुसून पुसून पांढुरका झालेला फळा. हा आमचा वर्ग. साडेआठची वेळ आम्ही कॉलेजवाल्यांनी ठरवलेली नाही. चार घरची धुणीभांडी करून मावश्या संध्याकाळी घरी येतात, मग पाणी भरायचं, मग स्वयंपाक, मग सगळ्यांची जेवणं. त्यानंतर झोपायच्या आधी जो तासभर उरतो, तो त्या आम्हाला देतात. सुरुवातीला मला वाटायचं, आपण किती वेळ काढतोय ना यांच्यासाठी! ते किती उलटं आहे हे कळायला फार दिवस लागले नाहीत.

हे सुरू झालं गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये. मी टीवायला होते. पहिल्या दिवशी मी मुळाक्षरांचा तक्ता घेऊन, 'क कमळाचा' म्हणायच्या पूर्ण तयारीत उभी. पन्नाशीच्या एका मावशींनी तक्त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कमरेची पिशवी उघडली, मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला. "ते ऱ्हाऊ दे. हे आधी सांग. पैसे आले का गेले?"

बँकेचा मेसेज होता. इंग्रजीत. 'लाडकी बहीण'चे दीड हजार जमा झाले की मेसेज येतो आणि बँकेने कसला तरी चार्ज कापला तरी येतो. मावशींच्या डोळ्यांना दोन्ही सारखेच. शेजारचा मुलगा वाचून दाखवायचा. तो 'आले' म्हणाला की आले, 'गेले' म्हणाला की गेले. क्रेडिटेड आणि डेबिटेड. दोन्ही इंग्रजी शब्दांचं शेपूट एकच, फरक फक्त तोंडाशी. माझा तक्ता बाजूला राहिला आणि आमचा पहिला धडा झाला तो रोमन लिपीतल्या 'सी' आणि 'डी'चा. 'सी' दिसला तर आले, 'डी' दिसला तर गेले.

कुठल्याही साक्षरता प्रवेशिकेत हा धडा नसेल. पण मावशी त्यासाठीच आल्या होत्या.

हे आत्ता लिहायचं कारण असं की सप्टेंबरात आंतरराष्ट्रीय साक्षरता दिन झाला. ८ सप्टेंबरला तुमच्याही कॉलेजच्या एनएसएस ग्रुपवर एखादं पोस्टर पडलं असेल, कदाचित रॅलीचा फोटोही. २०२५ मध्ये त्या दिवशी हिमाचल प्रदेशाने स्वतःला पूर्ण साक्षर जाहीर केलं. त्याआधी मे महिन्यात मिझोरम, मग आपला शेजारी गोवा, जूनमध्ये त्रिपुरा. लडाखचं नाव तर २०२४ मध्येच लागलं होतं. म्हणजे दीड वर्षाच्या आत पाच पाट्या लागल्या. यात एक बारीक तपशील आहे. केंद्र सरकारच्या व्याख्येप्रमाणे ९५ टक्के साक्षरता गाठली की ती पूर्ण साक्षरता धरतात. (इंटर्नल्सना अशी सवलत मिळाली असती तर आमच्या अर्ध्या वर्गाचं भलं झालं असतं.)

या सगळ्यामागे आहे 'उल्लास', म्हणजेच नव भारत साक्षरता कार्यक्रम. २०२२ ते २०२७ अशी पाच वर्षांची केंद्राची योजना. १५ वर्षांवरच्या पाच कोटी लोकांना साक्षर करायचं तिचं उद्दिष्ट आहे. लिहिणं-वाचणं आणि हिशेब एवढ्यावरच ती थांबत नाही. आर्थिक साक्षरता, डिजिटल साक्षरता, आरोग्याची माहिती, धंदा-व्यवसायाची कौशल्यं, पुढचं शिक्षण असं बरंच काही कागदावर आहे आणि ते चांगलं आहे. 'प्रौढ शिक्षण' हा जुना शब्द जाऊन 'सर्वांसाठी शिक्षण' आलाय, तोही मला आवडतो. पण योजनेचा कणा वेगळा आहे. शिकवणारे सगळे स्वयंसेवक. विद्यार्थी, शिक्षक, अंगणवाडी ताई, आशा ताई, निवृत्त मंडळी. पगार नाही, मानधन नाही. म्हणजे ही योजना तुमच्या-माझ्या फावल्या वेळेवर उभी आहे.

डोई २०८ रुपये

थोडा हिशेब करू. योजनेची पाच वर्षांची तरतूद १०३७.९० कोटी रुपये. त्यातले ७०० कोटी केंद्राचे, बाकीचे राज्यांचे. भागिले पाच कोटी माणसं. डोई साधारण २०८ रुपये, तेही पाच वर्षं मिळून. मल्टिप्लेक्सचं तिकीट आणि वर पॉपकॉर्न म्हटलं तर पुरणार नाहीत. एवढ्या पैशात माणूस साक्षर कसा होतो? जो शिकवतो तो फुकट शिकवतो म्हणून.

हे नेहमी असंच नव्हतं. २००९ मध्ये साक्षरता दिनालाच 'साक्षर भारत' ही योजना आली. तिच्यात शिकवणारे स्वयंसेवकच होते, पण ग्रामपंचायतीत लोकशिक्षण केंद्र होतं आणि ते सांभाळायला दोन प्रेरक. प्रत्येकाला महिन्याला दोन हजार रुपये मानधन. रक्कम तेव्हाही तुटपुंजी होती आणि ती महिनोन् महिने थकल्याच्या तक्रारी अनेक राज्यांतून येत होत्या. पण गावात एक माणूस असा होता की ज्याला विचारता यायचं, 'आज वर्ग का भरला नाही?' मार्च २०१८ मध्ये ती योजना संपली आणि तो माणूसही गेला. 'उल्लास'मध्ये ॲप आहे. ॲपवर शिकणाऱ्याची नोंदणी होते, शिकवणाऱ्याची होते, दोघांची जोडी लावली जाते. पण एप्रिलमध्ये शिकवणाऱ्याची परीक्षा आली आणि तो गायब झाला, तर समाजमंदिराची किल्ली कुणाकडे हे ॲपला माहीत नसतं.

महाराष्ट्रात सुरुवातच कुरबुरीने झाली. २०२३ मध्ये निरक्षरांचं सर्वेक्षण करायचं काम शाळाशिक्षकांकडे आलं आणि शिक्षक संघटनांनी त्यावर बहिष्कार टाकला. आम्ही वर्गात शिकवायचं की घरोघर फिरायचं, हा त्यांचा सवाल होता आणि तो चुकीचा नव्हता. माझी आई सांगते, तिच्या लहानपणीही गुरुजी जनगणनेला, निवडणुकीला आणि लसीकरणाला असायचेच. पण या भांडणात एक गोष्ट बाजूला पडली. दारात जाऊन विचारायचं तरी काय? 'तुमच्या घरात निरक्षर कोण आहे?' हा प्रश्न सुनेसमोर सासूला विचारून बघा. उत्तर येतं, 'कुणी नाही.' आमच्या वस्तीत आम्ही असंच फिरलो होतो. पहिल्या फेरीत आम्हाला चार जणी सापडल्या. दुसऱ्या वेळी आम्ही शब्द बदलले. 'बँकेचा मेसेज, औषधाची चिठ्ठी, मुलांच्या शाळेची डायरी वाचायला कुणाला मदत हवीय का?' असं विचारलं तर एकोणीस जणी निघाल्या. आणि एक दादा.

चष्मा, जोडाक्षरं आणि एमएच बारा

शिकवण्याबद्दल आधी कुणी मला चार गोष्टी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणून त्या इथे सांगते.

पहिली गोष्ट चष्म्याची. एक काकू महिनाभर 'भ' आणि 'म' मध्ये गोंधळत होत्या, 'घ' आणि 'ध' मध्येही. मी घरी येऊन मैत्रिणीला म्हणाले, त्यांना लक्षातच राहत नाही गं. एकदा काकूंनी वही हातभर लांब धरली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. चाळिशी! त्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं असं नाही, त्यांना ते दिसतच नव्हतं. ज्या बाईने उभ्या आयुष्यात बारीक छापलेलं काही वाचलंच नाही, तिला आपल्याला जवळचं दिसत नाही हे कळणार कसं? तांदूळ निवडताना अडतं, सुईत दोरा जात नाही, पण ते 'वय झालं' म्हणून सोडून दिलेलं असतं. वर्गणी काढून आम्ही रस्त्यावरून वाचायचे साधे चष्मे आणले. पुढच्या दोन आठवड्यांत काकू माझ्या तक्त्याच्या पुढे गेल्या. आता नवीन कुणी आलं की आम्ही पाटी देण्याआधी चष्मा लावून बघतो.

दुसरी गोष्ट जोडाक्षरांची. आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी फॉर्मवर सगळ्यात वर छापलेला शब्द कोणता? महाराष्ट्र. आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने त्याहून अवघड शब्द शोधून सापडायचा नाही. पोटफोड्या 'ष', त्याला 'ट', त्याच्या पायात 'र'. मावशी हसत म्हणाल्या, "आपल्याच राज्याचं नाव आपल्याला येईना!" शेवटी तो शब्द आम्ही फोडलाच नाही. चित्रासारखा अख्खा लक्षात ठेवला. स्वतःचं नाव, गावाचं नाव, बसच्या पाटीवरचं 'स्वारगेट', यांचंही तसंच. अख्खे शब्द आधी, मग त्यातली अक्षरं.

तिसरी गोष्ट आकड्यांची, तिचा तर मी कधी विचारच केला नव्हता. आम्ही शिकवतो १, २, ३ मराठीत. मोबाइलचं कीपॅड, लिफ्टची बटणं, औषधाच्या पाकिटावरची किंमत आणि तारीख, सगळं इंग्रजी आकड्यांत. मराठी चार इंग्रजी आठासारखा दिसतो आणि आपला सात तिकडे सहासारखा. जी बाई आयुष्यात पहिल्यांदा आकडे शिकतेय, तिला आपण एका दमात दोन संच देतो आणि वर म्हणतो, 'सोपं आहे हो.'

म्हणून मला इंग्रजीबद्दल स्पष्ट बोलायचंय. आमच्याच ग्रुपमध्ये यावर वाद झाला होता. एक मित्र म्हणाला, आधी मातृभाषेत नीट वाचता येऊ दे, इंग्रजी कशाला घुसडता? पुस्तकी दृष्टीने त्याचं बरोबर आहे, मलाही आधी तसंच वाटायचं. पण आमचे ते एकुलते एक दादा सोसायटीत वॉचमन आहेत. वय चाळीस-बेचाळीस. त्यांना गाडीचा नंबर रजिस्टरमध्ये लिहायचा असतो. आतापर्यंत ते आलेल्या माणसालाच म्हणायचे, 'साहेब, तेवढं लिहा ना, माझा हात दुखतोय.' वर्षानुवर्षं हात दुखत होता! दादा इंग्रजी अक्षरं शिकले ती पार्किंगमधल्या नंबर प्लेटवरून. एम, एच, मग बारा. मग चौदा, म्हणजे पिंपरी-चिंचवड. रात्रपाळीला पार्किंगमध्ये फेरी मारता मारता त्यांनी कॅपिटल अक्षरं पाठ केली. स्पोकन इंग्लिशच्या जाहिरातीत 'फाडफाड इंग्रजी' दाखवतात, त्याच्याशी याचा काही संबंध नाही. त्यांना कुणाशी इंग्रजीत बोलायचं नाही. रजिस्टर स्वतः भरायचंय, बस. मावश्यांना हवं ते इंग्रजीही साधारण पंचवीस-तीस शब्दांचं आहे. ओके, कॅन्सल, सबमिट, बॅलन्स, एक्स्पायरी, पुश, पुल आणि आमचं ते क्रेडिटेड-डेबिटेड. शहरातला मराठी माणूस रोज दोन लिप्यांत जगतो. प्रौढ साक्षरता एकाच लिपीत परीक्षा घेते.

चौथी गोष्ट, पेन्सिल देऊ नका. पेन द्या. 'आम्ही काय बालवाडीत आहोत का?' हे मला ऐकावं लागलंय.

पास झाल्या, मग?

आता परीक्षेबद्दल. 'उल्लास'ची चाचणी १५० गुणांची असते. वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. प्रत्येकात ३३ टक्के लागतात. महाराष्ट्रात पहिली चाचणी १७ मार्च २०२४ ला झाली, साडेचार लाखांहून जास्त लोक बसले आणि नव्वद टक्क्यांहून जास्त उत्तीर्ण झाले. नापास असा शब्द नसतो, 'सुधारणा आवश्यक' असतं. दिवसभरात आपल्या सोयीने यायचं आणि तीन तासांत पेपर द्यायचा, ही पद्धतही समजूतदार आहे. दुसरी चाचणी २३ मार्च २०२५ ला झाली आणि तिला आमच्या मावशी बसल्या.

तो रविवार मी विसरणार नाही. मावशी ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. केंद्राच्या दारात काही बायका नातवंडांना कडेवर घेऊन उभ्या होत्या, एक सून सासूला 'घाबरू नका' सांगत होती. एरवी परीक्षेच्या दारात आई मुलाला जे सांगते, तेच. तीन तासांनी मावशी बाहेर आल्या. हाताला शाई आणि चेहऱ्यावर कपाळ दुखल्यासारखे भाव. म्हणाल्या, "वाचायचं सोपं होतं गं. लिहिताना हात थरथरत हुता."

त्या पास झाल्या. आणि आम्ही गेलो.

हे मला सरळ कबूल करायचंय. मार्चच्या शेवटी आमची सबमिशन्स, मग ओरल्स, मग फायनल्स. मग कुणी गावी, कुणी इंटर्नशिपच्या शोधात. वर्ग बंद करायचं कुणीही ठरवलं नाही. तो नुसता भरला नाही. मंगळवार गेला, शुक्रवार गेला. मी जूनच्या मध्यावर परत गेले तेव्हा अडीच महिने झाले होते. मावशींनी प्रमाणपत्र लॅमिनेट करून देवाच्या फोटोशेजारी लावलं होतं. मी हौसेने पेपर पुढे केला आणि म्हटलं, मावशी, हेडलाइन वाचा. त्यांनी सुरुवात केली. पहिला शब्द आला, दुसऱ्यात जोडाक्षर आलं आणि तिथेच गाडी थांबली. मार्चमध्ये त्या हे वाचत होत्या. मला ओशाळल्यासारखं झालं, त्यापेक्षा जास्त त्यांना झालं. "इसरले बघ," त्या म्हणाल्या. वर माझीच बाजू घेतली. शेजारणीने मध्ये विचारलं होतं म्हणे, तुमच्या त्या मॅडम येईनात का? तर यांनी सांगितलं, तिची परीक्षा हाय, तिला अभ्यास करू द्या.

सरकारच्या नोंदीत मावशी आज नवसाक्षर आहेत. त्यांच्या नावापुढचा आकडा परत मागे जात नाही. पण नव्याने आलेलं वाचन वापरलं नाही तर जातं. हे काही मी लावलेलं संशोधन नाही, महाराष्ट्राला ते साठ वर्षांपासून माहीत आहे. १९५९ मध्ये साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली होती. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा, मिरवणुका निघायच्या. पुढे युनेस्कोनेही तिचा गौरव केला. गावांनी जे केलं ते खरंच मोठं होतं, पण समारंभानंतर वाचायला काय आणि शिकवायला कोण, हा प्रश्न तिथेही राहिलाच. त्याच्याही शंभर वर्षं आधी, १८५५ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती. माझ्या डोक्यात राहून राहून येतं ते एवढंच, की सबमिशन आलं म्हणून ती शाळा बंद पडली नसणार.

आता क्रेडिट. हा शब्द आपल्याही जगात आहेच. नवीन शैक्षणिक धोरणात प्रौढ शिक्षणावर वेगळं प्रकरण आहे आणि प्रत्येक साक्षर माणसाने एकाला तरी शिकवावं अशी कल्पना त्यात आहे. विद्यार्थ्यांनी निरक्षरांना शिकवलं तर त्याचे श्रेयांक द्यावेत, अशी सूचना यूजीसीने २०२२ मध्ये विद्यापीठांना केली. कल्पना छान आहे. पण क्रेडिट लागलं की काय होतं ते आपल्याला माहीत आहे, आपण सगळेच त्या खेळातले मुरलेले खेळाडू आहोत. किमान काय केलं की मिळेल, तेवढं करायचं. फोटो, हजेरीपत्रक, रिपोर्ट, स्पायरल बाइंडिंग. माझ्या माहितीतल्या एका मुलाने स्वतःच्या आजीला 'निरक्षर' म्हणून दाखवलं. आजी सातवी पास आहे आणि रोज ज्ञानेश्वरी वाचते. आम्ही खूप हसलो तेव्हा. पण सेमिस्टर संपलं की क्रेडिट खात्यावर जमा होतं आणि आपण मोकळे होतो. ज्याच्या जिवावर ते जमा झालं, त्याच्या खात्यातून मात्र काहीतरी वजा होतं. शिकलेलं तर जातंच, वर 'परत शिकायला गेले आणि परत जमलं नाही' ही भावना राहते. एकदा सोडून दिलेल्या माणसाला दुसऱ्यांदा वर्गात आणणं किती अवघड असतं हे मी जूनमध्ये बघितलं. एकोणीस जणींतल्या सात परत आल्या.

क्रेडिट देऊच नका असं मी म्हणत नाही. उलट जास्त द्या, पण कशावर द्यायचं ते बदला. माणूस पास झाला की नाही याच्याऐवजी वर्ग किती महिने न तुटता चालला ते मोजा. एका सेमिस्टरचं काम पुरेसं धरू नका, दोन सलग मागा. एकट्याला जोडी देऊ नका. एफवायचा एक आणि टीवायचा एक असे दोघं मिळून एका वर्गाला द्या, म्हणजे एक बाहेर पडताना दुसरा आत असेल. आणि प्रत्येक वस्तीत एका माणसाला, तिथल्याच एखाद्या ताईला, किल्ली सांभाळायचे आणि 'आज का नाही आलात?' असा फोन करायचे पैसे द्या. सगळं फुकट चालावं हा हट्ट कशाला? २०८ रुपयांत हे बसत नाही, हे मलाही कळतं. मग तरतूद वाढवावी लागेल. योजना मार्च २०२७ मध्ये संपतेय आणि त्याच महिन्यात जनगणनेची संदर्भ तारीख आहे. २०११ मध्ये महाराष्ट्राची साक्षरता ८२.३४ टक्के होती आणि अजून आपण तोच आकडा वापरतोय. नवा आकडा नक्की वर गेलेला असेल. जनगणनेत कुणाला वाचायला लावत नाहीत. घरच्यांनी सांगितलं 'येतं', की येतं.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा तुम्ही कुठल्या तरी रीलमध्ये पाहिली असेल. गुलाबी नऊवारीतल्या, पाठीला दप्तर अडकवलेल्या आज्या. २०१६ च्या महिला दिनाला ती सुरू झाली. लोक साड्यांवर भाळतात, मला मात्र त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ती शाळा गावातच आहे, गावच्या माणसांनी उभी केलेली. शहरातून येऊन सेमिस्टर संपल्यावर जाणाऱ्यांची नाही.

जूननंतर आम्ही आमच्यापुरतं थोडं सुधारलो. आता आम्ही सहा जण आहोत, त्यातल्या दोघी एफवायच्या. एक जाड वही आहे. कुणाचं कुठपर्यंत आलं, कुणाला काय अडतंय ते रोज तिच्यात लिहायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुसरं कुणी आलं तरी 'क कमळाचा'पासून सुरू होत नाही. मी आता इंटर्न आहे, शुक्रवारची पानं लागेपर्यंत नऊ वाजतात, म्हणून माझा फक्त मंगळवार. वही बघितली तर जूनपासून मी स्वतः चार मंगळवार बुडवलेत. वर एवढं सगळं लिहिणारीचेच चार!

सप्टेंबरात 'लाडकी बहीण'ची ई-केवायसी आली. आधार, ओटीपी, पुन्हा नवऱ्याचं आधार, पुन्हा ओटीपी. केंद्रावर गर्दी आणि तिथे ओटीपी मोठ्याने ओरडून सांगायचा. म्हणून एका मंगळवारी आम्ही समाजमंदिरातच मोबाइल घेऊन बसलो. मावशींचा ओटीपी आला. मी सवयीने हात पुढे केला. त्यांनी मोबाइल मागे घेतला, नाकावर चष्मा चढवला आणि एकेक आकडा बघत सहाच्या सहा स्वतः टाकले. इंग्रजी आठ आणि मराठी चारचा घोळ होतो का बघायला मी वाकले, तर मला म्हणाल्या, "सरक तिकडं, उजेड अडवू नको." त्याआधी संमतीच्या चौकटीत टिक करायची होती. तिथेही त्या थांबल्या होत्या. "हे एवढं काय लिहिलंय? कशाला हो म्हणायचं?" आम्ही सहा जण एकमेकांकडे बघायला लागलो. तो मजकूर आमच्यातल्या कुणीही कधी वाचलेला नव्हता. मग बसून वाचला, सगळ्यांनी मिळून.

या आठवड्यापासून दिवाळीची सुट्टी. एफवायच्या दोघी गावी जाणार, एकीचं तिकीट आजचंच आहे. मंगळवारी वर्ग सुटताना मावशींनी विचारलं, "आता कधी?" मी म्हटलं, दिवाळी झाली की. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग मी तारीख सांगितली, ४ नोव्हेंबर, मंगळवार. मावशी उठल्या, भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं, ४ शोधला आणि त्या चौकोनात पेनाने लिहिलं, 'ताई'. वेलांटी जरा लांब गेली, पाचाच्या चौकोनात.